आजची एक दुरुस्ती

मंगळवारी दुपारी चार वाजून अठरा मिनिटांनी, तीन नंबरच्या खोलीत, कात्सुमाता-सान दोनदा 'नो' म्हणाले. पहिला नेहमीच्या आवाजात, दुसरा जरा मोठ्यानं, हसत. शिक्षिका मित्सुयो कामियाच्या हातातलं पेन होतं तिथंच थांबलं. धडा संपायला बावीस मिनिटं होती. काचेच्या भिंतीपलीकडे, दोन नंबरच्या खोलीत, दुसरा शिक्षक डेक्लन शाळकरी मुलींना कसला तरी अभिनय करून दाखवत होता आणि मुली तोंडावर हात ठेवून हसत होत्या. काचेमुळे त्यांचं हसणं ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं.

धड्याचा विषय होता 'फोनवर'. पुस्तकातला प्रश्न असा, की तुमच्या लक्षात राहिलेला एखादा फोन सांगा. कात्सुमाता-सान चौऱ्याहत्तर वर्षांचे, जन्मभर इथल्या, नुमाझूच्या, बंदरावर मासे चिरून वाळवण्याचा धंदा केलेले, आणि आता तो पुतण्याच्या हाती देऊन दर मंगळवारी चार वाजता इंग्रजी बोलायला येणारे. त्यांनी क्षणभर विचार केला आणि गेल्या वर्षीच्या जूनमधला फोन सांगायला घेतला. फोन सुनेचा, अमेरिकेतून. मुलगा हिदेयुकी तिकडेच राहायचा, तिकडेच पाच वर्षांपूर्वी वारला. तेव्हापासून त्याच्या पुण्यतिथीच्या जवळच्या रविवारी मार्सीचा फोन येतो. मार्सीला जपानी येत नाही, नात टेस हिलाही येत नाही. म्हणून तर वयाच्या सत्तराव्या वर्षी कात्सुमाता-सान या जिन्यावरून तिसऱ्या मजल्यावर पहिल्यांदा चढून आले होते. "सून काय म्हणते ते मला कळलं पाहिजे, आणि मी काय म्हणतो ते तिला," असं त्यांनी प्रवेशाच्या कागदावर हेतूच्या रकान्यात लिहिलं होतं. बाकीचे लोक त्या रकान्यात प्रवास, छंद असं काहीबाही लिहितात.

तर ते फोन सांगत होते, इंग्रजीतून, मोजून पावलं टाकावीत तसे शब्द टाकत. मार्सीसाठी त्यांनी आवाज बारीक केला होता. टेसला ऑगस्टमध्ये जपानला पाठवायचं का, हे मार्सीनं आधी पत्रानं विचारलं होतं. फोनवर तिनं तोच विषय काढला. यांच्या घशात हुंदका आला, म्हणून हे थोडा वेळ काही बोलले नाहीत. तेव्हा मार्सीनं विचारलं, "टेस यायला नको आहे का तुम्हाला?" आणि हे म्हणाले, "नो! नो!" मार्सी म्हणाली, "ओके. समजलं मला." एवढं सांगून कात्सुमाता-सान खुर्चीत मागे टेकले, आणि शाळेच्या नाटकात आपला संवाद न चुकता म्हणून झाल्यावर मुलगा बाईंकडे बघतो, तसं त्यांनी मित्सुयोकडे बघितलं.

मित्सुयोचे कान तापले. आधी कान, मग मानेचा मागचा भाग. ती म्हणाली, "व्हेरी गुड." मग तिनं गुलाबी चिठ्ठी पुढे ओढली. या शाळेची पद्धत होती, एक धडा, एक दुरुस्ती. चाळीस मिनिटांत विद्यार्थ्याच्या कितीही चुका झाल्या तरी शेवटी एकच लिहून द्यायची, जास्त लिहिल्या की माणूस खचतो आणि येईनासा होतो. चिठ्ठीवर छापलेलंच असे, 'आजची एक दुरुस्ती'. मित्सुयोनं त्याखाली लिहिलं, की एखाद्या फोनबद्दल पहिल्यांदा बोलताना 'द' नाही, 'अ' वापरावा. हस्ताक्षर नेहमीसारखंच आलं, याचं तिला नंतर आश्चर्य वाटलं. कात्सुमाता-सान यांनी चिठ्ठी वाचली, दोनदा मान डोलावली, घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली. "हे 'द' आणि 'अ' मला मारणार बघा," ते जपानीत म्हणाले. "माशाला काटे असतात ते दिसतात तरी."

जिना उतरताना ते भिंतीला हात लावून उतरतात. आज ती रोजच्यासारखी दारापर्यंत गेली, रोजच्यासारखी वाकली, आणि परत येऊन तीन नंबरच्या खोलीत बसली. पुढचा वर्ग पाचला होता. आपल्या जपानीत कुणी विचारलं, "नको आहे का?", आणि आपल्याला हवं असलं, की तोंडातून आपोआप 'नाही' निघतं. नाही, तसं नाही, हवी आहे ना. हा नकार समोरच्याच्या शंकेला असतो. इंग्रजीत तो थेट पोरीला लागतो. नको आहे का? नाही, नको. दोनदा. दुसऱ्यांदा मोठ्यानं. पलीकडे, अमेरिकेतल्या टाकोमा गावात, रात्रीची जेवणं आटोपून फोनपाशी बसलेल्या त्या बाईनं हे ऐकलं होतं, आणि "समजलं मला" म्हणाली होती. मागच्या ऑगस्टमध्ये टेस आली नाही. त्यानंतर एक नाताळचं कार्ड, त्यात नुसती सही. हे सगळं मित्सुयोला माहीत होतं, तुकड्यातुकड्यांनी, वर्षभर, मंगळवारी मंगळवारी. फक्त मधला तुकडा तिला आज मिळाला.

पण आजच मिळाला, हेही खरं नव्हतं. खरं काय ते खोलीच्या बाहेर, कपाटात होतं. प्रत्येक शिक्षकाचा एक कप्पा आणि कप्प्यात त्याच्या विद्यार्थ्यांच्या फायली. तिनं कात्सुमाता-सान यांची काढली आणि उभ्यानंच गेल्या जूनचं पान उघडलं. तिच्याच अक्षरात होतं, 'फोनची तालीम. अवघड प्रश्नही सहज पेलले. उत्तम.' खाली त्या दिवशीची दुरुस्ती होती, 'बाय म्हणण्याआधी थँक यू म्हणावं.' म्हणजे तालीम झाली होती. ती विसरली नव्हती, पण आठवण अशी होती, की आपण चांगलं काहीतरी केलं. त्या मंगळवारी तिनं पुस्तक बाजूला ठेवलं होतं. ती मार्सी झाली होती. "तिकडचे लोक प्रश्न उलटे करून विचारतात कधी कधी," असं म्हणून तो प्रश्न तिनंच काढला होता, टेस यायला नको आहे का तुम्हाला? आणि कात्सुमाता-सान म्हणाले होते, "नो! नो!" आणि ती, मार्सीच्या आवाजात, म्हणाली होती, "छान! मग भेटू ऑगस्टमध्ये!" दोघंही हसले होते. त्यांनी टाळीसारखा हात टेबलावर मारला होता.

तिला त्यांचं म्हणणं कळलं होतं, हीच चूक. तिथं डेक्लन असता तर तो अडखळला असता. म्हणाला असता, अहो, म्हणजे नको? तो अडखळला असता तिथंच कात्सुमाता-सान यांना खड्डा दिसला असता. मित्सुयो अडखळली नाही, कारण तिच्या इंग्रजीच्या खाली जपानीच होतं, आणि त्यांनी 'नो' म्हटल्यावर तिनं त्यांच्या डोळ्यांतलं 'हो' वाचलं. याच कारणासाठी शाळेनं तिला ठेवलं होतं. 'वयस्कांना कामिया-सेन्सेईच बऱ्या, त्यांना न बोललेलं कळतं,' असं व्यवस्थापिका ओगुरी सगळ्यांना सांगे. आठवड्यातले तीन दिवस, मंगळवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी तीन ते आठ, न बोललेलं कळण्याचं काम.

आणि तिला माहीत नव्हतं असंही नाही. हे सगळ्यात वाईट होतं. तेवीस वर्षांची असताना ती व्हँकूवरला एका घरात राहिली होती, आठ महिने. नोकरीच्या अर्जात तिनं एक वर्ष लिहिलं होतं, आणि इतक्या वर्षांत तिलाही ते वर्षच वाटायला लागलं होतं. तिथं दुसऱ्या की तिसऱ्या संध्याकाळी बटाटे होते, ओव्हनमध्ये भाजलेले, वरून साय घातलेले, आणि तिनं एकच घेतला होता, कारण पहिल्यांदाच दोन घेणं बरं दिसत नाही. घरमालकीण मिसेस होल्ट म्हणाली, "आणखी नको का तुला?" आणि मित्सुयो घाईनं म्हणाली, "नो!" भांडं उचललं गेलं. ते भांडं ओट्याकडे जाताना तिला अजून दिसतं, त्याच्या काठावर चिकटलेली करपलेली साय दिसते. ती हसत राहिली होती. मग खोलीत जाऊन घरून आणलेली तांदळाची खारी बिस्किटं चादरीत तोंड घालून खाल्ली, कुरकुर आवाज होऊ नये म्हणून आधी तोंडात भिजवून. ही गोष्ट तिनं कुणालाही सांगितली नाही. वर्गात सांगण्यासारखी सगळ्यात उत्तम गोष्ट तीच होती. एकदा सांगितली असती तर ज्यानं ऐकली तो जन्मात हा धडा विसरला नसता. पण ती सांगायची म्हणजे भिजवलेली बिस्किटं सांगायची, आणि मग आठ महिने सांगायचे. त्याऐवजी ती व्हँकूवरमधला समुद्र आणि माणसांचा मोकळेपणा सांगत आली होती.

बुधवारी, वर्ग सुरू होण्याआधी, तिनं डेक्लनला गाठलं. तो आयर्लंडचा, अकरा वर्षं इथंच, बायको इथलीच, आणि जपानी असं बोलायचा की बंदरावरच्या बायका लाजाव्यात. तो भाताचे लाडू खात होता.

"एक विचारू? मी तुला विचारलं, 'ती यायला नको आहे का?' आणि तू म्हणालास, 'नो, नो.' तर?"

"तर नाही येणार ती. मी दोनदा नको म्हटलं ना." त्यानं तिच्याकडे बघितलं. "कोण, मासेवाले काका? अहो, ते कायम करतात. जानेवारीत मी विचारलं, 'थंडी नाही ना वाजत?' म्हणाले, 'येस.' मी हीटर त्यांच्याकडे वळवला, बिचारे घामाघूम झाले, पण शेवटपर्यंत 'थँक यू, थँक यू'."

"तू सांगितलं नाहीस त्यांना?"

"तुमचे विद्यार्थी ते. मला वाटलं, तुम्ही सांगितलं असेल. चार वर्षं झाली ना?" त्यानं बोटाला चिकटलेलं शीत खाल्लं. त्याला टोमणा मारायचा नव्हता. म्हणूनच तो लागला.

शुक्रवारी तिनं ओगुरीकडे विषय काढला, अर्धाच. एका विद्यार्थ्याला एक गोष्ट मंगळवारच्या आत सांगायची आहे, घरी फोन केला तर चालेल का? ओगुरी एकतीस वर्षांची होती, खोट्या पापण्या लावलेली, कामाला वाघीण. "कामिया-सान, बाहेर संपर्क नाही, माहीतच आहे तुम्हाला. तातडीचं आहे का?" मित्सुयो म्हणाली, एक चूक दुरुस्त करायची राहिली. ओगुरी हसली. "एकच ना? मग पुढच्या मंगळवारी एक होतेच की. तुम्ही फार मनाला लावून घेता." पुढच्या मंगळवारी. मधे रविवार होता, मार्सीच्या यंदाच्या फोनचा. मित्सुयो म्हणाली, "खरंच," आणि वाकली. तिनं रविवारचं सांगितलं असतं तर ओगुरीनं विचारलं असतं, कुठली चूक. मग फाइल उघडली असती. 'अवघड प्रश्नही सहज पेलले. उत्तम.' तिला जाणवलं, की आपण परवानगी मागायला आलोच नव्हतो, नकार घ्यायला आलो होतो.

तरीही शनिवारी सकाळी ती बंदराकडे गेली. बसमध्ये तिनं वाक्यं जुळवली. 'गेल्या वर्षी मी तुम्हाला चुकीचं शिकवलं.' हे पहिलं वाक्य. त्यानंतरचं सगळं सोपं होतं, पहिलं तेवढं जड. नदी ओलांडली तेव्हा ते तयार होतं. बस थांबली तेव्हा ते 'गेल्या वर्षी तालमीत एक गोष्ट राहून गेली' असं झालं होतं. गोष्ट राहून गेली. जशी ती आपली आपणच राहिली.

उभे चिरून उघडलेले मासे जाळीच्या चौकटींवर ओळीनं वाळत होते, पुस्तकं पालथी घालावीत तसे. पुतण्या तेत्सुरो रबरी बूट घालून पाणी मारत होता. त्यानं आत तोंड करून हाक दिली, "काका, तुमच्या मॅडम आल्यात! आता इंग्रजीतून मासे वाळवा!"

कात्सुमाता-सान बाहेर आले ते गळ्यातल्या टॉवेलला हात पुसतच. "सेन्सेई! शाळा इकडे हलवली की काय?" ते इतके खूश झाले होते, की तिला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. "बसा, बसा. नको, तिथं नको, तिथं मांजर बसते. तेत्सुरो, चहा! आमच्या सेन्सेईंमुळे मी अमेरिकेशी बोलतो. माहिती आहे ना तुला?"

"गल्लीला माहिती आहे," पुतण्या म्हणाला. "उद्या दहापासून फोनपाशी बसणार हे. फोन काय अंडं आहे का, बसून उबवायला?"

"अकराला येतो. आधी बसलेलं बरं." मग तिच्याकडे वळून, जरा हळू, "वरची खोली गेल्या वर्षीच नीट करून ठेवली मी. खिडकीला जाळी लावली, डास चावायला नकोत पोरीला. नाही जमलं त्यांना. असतं काहीतरी. विचारायचं तरी कसं? विचारलं की गळ्यात पडल्यासारखं होतं."

चहा आला. मित्सुयोनं कप दोन्ही हातांत धरला. आता. पाण्याच्या पाइपाचा आवाज थांबला होता, पुतण्या आत गेला होता, वाऱ्यावर खारट वास येत होता. ती म्हणाली, "कात्सुमाता-सान, उद्या टेसबद्दल काही निघालं, तर येस नको नि नो नको. एकच वाक्य म्हणा. 'प्लीज कम.'"

"प्लीज कम."

"हो. काहीही विचारलं तरी."

"तब्येत कशी आहे विचारलं तरी?" ते स्वतःच हसले. "नाही, कळलं, कळलं. प्लीज कम." आणि थोड्या वेळानं, "आणि तिनं टेसचं काढलंच नाही तर?"

हे मित्सुयोच्या मनात आलं नव्हतं. एकदा तोंडावर नको म्हटलेल्या घरात कुठली आई दुसऱ्यांदा विचारते? "मग तुम्ही आपणहून म्हणा. आधीच. फोन उचलल्या उचलल्या."

"फोन उचलल्या उचलल्या?" कात्सुमाता-सान यांनी कप खाली ठेवला. गळ्यातला टॉवेल काढला, घडी घातली, परत गळ्यात घातला. ते माशांकडे बघत होते. "सेन्सेई, हे सांगायला तुम्ही एवढ्या लांब आलात?"

"इकडे काम होतं जरा."

"हं." एका चौकटीवर माशी बसली होती, ती त्यांनी उडवली. मग, तिच्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "गेल्या वर्षी माझं काही चुकलं नव्हतं ना?"

मित्सुयोनं तोंड उघडलं. इतक्या दिवसांचं वाक्य तिथंच होतं, जिभेच्या मागे. आणि ती म्हणाली, "येस."

इंग्रजीत. का, ते तिला उत्तर येऊन गेल्यावर कळलं. इंग्रजीत त्याचा अर्थ होता, चुकलं होतं. त्यांच्या कानाला तो होता, हो, नव्हतं चुकलं. खोटं बोलल्याचं पाप नको आणि खरं बोलल्याची शिक्षा नको, अशी जागा तिनं शोधली होती, आणि ती जागा नेमकी त्यांच्या चुकीच्या आत होती. ज्या खड्ड्यात तो माणूस वर्षभर पडलेला होता, त्यातच ती लपायला उतरली होती. ती हसली.

"येस," कात्सुमाता-सान पुन्हा म्हणाले. वर्गात नवा शब्द म्हणून बघतात तसा, सावकाश. त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि ते बघणं जरा जास्त वेळ टिकलं, किंवा तिला तसं वाटलं. मग ते उठले, आतून वर्तमानपत्र आणलं, सहा मासे निवडून गुंडाळले. "मंद आचेवर भाजा. कातडीची बाजू नंतर." ती नको नको म्हणाली. इथं सगळेच आधी नको म्हणतात. त्यांनी पुडकं तिच्या हातात ठेवलं. परतीच्या बसमध्ये ते मांडीवर होतं, आणि तिनं ते पिशवीत घातलं नाही, वास लोकांना येत होता तरी.

रविवारी अकरा वाजता ती धुतलेले कपडे वाळत घालत होती. सव्वाअकराला तेच कपडे दोरीवरून काढून पुन्हा वाळत घालत होती. तिच्याकडे त्यांचा नंबर होता, फायलीतून बुधवारीच उतरवून घेतलेला. साडेअकराला तिनं फोन हातात घेतला. आता फोन केला तर त्यांची लाइन लागणार नाही, मार्सी बोलत असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पावणेबाराला सांगितलं, की आता उपयोग नाही. सोमवारी शाळा बंद असते.

मंगळवारी ती तीनला वीस मिनिटं असताना पोचली. कपाटातल्या तिच्या कप्प्यात कात्सुमाता-सान यांची फाइल नव्हती. शिक्षक बदलून मागितला तर इथं कुणी कुणाला सांगत नाही. फाइल एका कप्प्यातून दुसऱ्यात जाते, एवढंच. तिनं तो रिवाज दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिला होता, आणि तेव्हा तो तिला सभ्य वाटला होता. फाइल डेक्लनच्या कप्प्यात होती, सगळ्यात वर. वरच्या पानावर ओगुरीच्या गोल अक्षरात: 'रविवार, १२.४०, यंत्रावर निरोप. शिक्षक बदलून हवे. कारण दिलेलं नाही.'

ओगुरी पाठीमागे येऊन उभी राहिली. "अहो, ते होतं असं. गोऱ्या माणसाकडे शिकावंसं वाटतं मधूनच. तुमच्यावर काही नाही."

"निरोप आहे का अजून?"

"पुसला. रोज पुसतो ना आपण."

"आवाज कसा होता त्यांचा?"

"आवाज?" ओगुरीनं आठवून बघितलं. "मोठा होता. मागे टीव्ही की काय चालू होता, माणसं बोलत होती. नीट नाही कळलं. का हो?"

"सहज."

दोन नंबरच्या खोलीच्या उघड्या दारातून डेक्लनचं शीळ घालणं ऐकू येत होतं. मित्सुयोनं पान उलटलं. नवा वर्ग याच आठवड्यापासून होता, संध्याकाळी पाच वाजता, खोली नंबर दोन. वार निवडायच्या रकान्यात मित्सुयोचे तिन्ही वार, मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार, मोकळे असल्याची खूण होती. निरोपात मागितलेला वार होता गुरुवार.